‘आई गावाला गेली आहे’

गेल्या माघ महिन्यातली एक सकाळ. उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी उतरले होते आणि ते पाहण्यासाठी आलेल्या पुण्या-मुंबईच्या मोटारींनी आमचे भिगवण गजबजून गेले होते. अशा वेळी माझी भाची एक जाडजूड फाईल घेऊन घरी आली. ती याच गावात दिलेली आहे. वय छत्तीस. दीड वर्षापूर्वी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि तपासण्या पूर्ण होईपर्यंत तो हाडांत व यकृतात पसरलेला असल्याचेही कळले. दर तीन आठवड्यांनी ती उपचारांसाठी पुण्याला जाते. मुलगा सात वर्षांचा, इयत्ता दुसरीत.

फाईलमध्ये मुदत ठेवींच्या पावत्या होत्या, विम्याच्या पॉलिसी होत्या, पी.पी.एफ.चे पासबुक होते. ‘‘मामा, तुम्ही बँकेत होतात. हे सगळे एकदा नीट लावून द्या,’’ ती म्हणाली. तास-दीड तास आम्ही दोघांनी मिळून यादी केली. कोठे वारसनोंद आहे, कोठे नाही, कोणत्या पावतीवर अजून माहेरचे नाव आहे, हे सारे तिने स्वतःच्या हाताने वहीत उतरवले. हात किंचितही थरथरला नाही. मग तिने फाईल मिटली आणि म्हणाली, ‘‘मामा, हे सगळे नावावर होईल. पण छोट्याला काय सांगू?’’

घरात ठरले होते ते असे : आई पुण्याला ‘ट्रेनिंग’साठी जाते. डोक्यावरचे केस गेले तेव्हा ‘उन्हाळ्यामुळे कापले’ असे सांगितले होते. सर्वांनी ते इमानाने पाळले. आणि आठ दिवसांपूर्वी मुलाने आजीला हळूच विचारले होते, ‘‘आजी, मी आता अजिबात हट्ट करत नाही. आता आई बरी होईल ना?’’

त्या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा आला. कारण तो प्रश्न माझ्या ओळखीचा होता.

१९६८ साली मी सात वर्षांचा होतो. आम्ही बारामतीला राहत असू. एके दिवशी शाळेतून घरी आलो तेव्हा आई घरात नव्हती. ‘‘आई गावाला गेली आहे,’’ असे काकूने सांगितले. प्रत्यक्षात वडिलांनी तिला त्या काळच्या छोट्या गाडीने दौंडला आणि तेथून मुंबईला टाटा रुग्णालयात नेले होते. आदल्या दिवशी माझ्या हातून मुरंब्याची काचेची बरणी फुटली होती आणि आई रागावली होती. सात वर्षांच्या बुद्धीने मी दोन्ही घटनांची सांगड घातली. बरणी फुटली म्हणून आई गेली. मी शहाण्यासारखा वागलो की ती येईल. मी चार महिने शहाण्यासारखा वागलो. मग एके दिवशी वडील एकटेच परत आले. हातात आईची ट्रंक होती. मला कोणी काहीच सांगितले नाही. पुढे कित्येक दिवसांनी एका चुलत भावाने भांडणात सांगून टाकले.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मी आज दोष देत नाही. त्यांनी जे केले ते मायेपोटीच केले. त्या काळी त्या रोगाचे नाव उच्चारणेही अशुभ मानत. परंतु त्या बरणीची गोष्ट मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत कोणाजवळही बोलू शकलो नाही, हेही तितकेच खरे. मला दुःखापासून वाचवण्यासाठी सर्वांनी मौन धरले. दुःख टळले नाहीच. ते मला एकट्याने सोसावे लागले, एवढेच झाले.

भाचीला मी हे सारे सांगितले. आज वाचकांनाही सांगत आहे, कारण आपल्या अनेक घरांत आजही हेच चालू आहे.

आजार झाकून ठेवण्याची सवय समाजात किती खोल रुजली आहे, हे जाणत्यांना सांगावयास नको. तरीही वारा बदलतो आहे. बारामतीच्याच शरद पवार यांना २००४ साली लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पुढे त्यांनी आपला आजार लपवला नाही. जाहीर सभांतून त्यावर बोलत राहिले. आपल्या भागातील कित्येकांनी ‘कॅन्सर’ हा शब्द मोठ्याने उच्चारलेला पहिल्यांदा ऐकला तो तेव्हाच.

परंतु घरात लहान मूल असताना काय करावे, याचे अधिक जवळचे उदाहरण अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांचे आहे. मराठी कुटुंबात जन्मलेल्या सोनालीताईंनी जुलै २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केले की, त्यांना कर्करोग झाला असून तो शरीरात पसरलेला आहे. त्या उपचारांसाठी न्यूयॉर्कला गेल्या. त्यांचा मुलगा रणवीर त्या वेळी बारा वर्षांचा होता. याला कसे सांगावे, हाच आपल्यापुढचा मोठा पेच होता, असे त्यांनी त्याच महिन्यात लिहिले. मुलाला जपायचे होते आणि त्याच्याशी खोटेही बोलायचे नव्हते. त्यांनी सत्य सांगण्याचे ठरवले. मुलाने ते समजूतदारपणे स्वीकारले, शाळेच्या सुट्टीत तो आईजवळ येऊन राहिला, आणि काही प्रसंगी तर आपल्यालाच त्याच्यापासून धीर मिळाला, असे त्यांनी नमूद केले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि पुढे पुन्हा कामालाही लागल्या.

‘त्यांचे काय, त्यांच्याकडे पैसा होता,’ असे कोणी म्हणेल. न्यूयॉर्कचे उपचार आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यात नाहीत, हे मान्य. पण त्यांनी मुलाशी जे केले, त्याला एक रुपयाही लागत नाही.

येथे ‘प्रगत अवस्था’ किंवा ‘चौथी पायरी’ या शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. रोग मूळ जागेपासून दूरच्या अवयवांत पोहोचला आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी बहुधा रोग समूळ काढण्यापेक्षा तो ताब्यात ठेवणे हे उपचारांचे उद्दिष्ट असते. कोणता कर्करोग, कोठे पसरला, औषधाला कसा दाद देतो, यावर पुढचा काळ अवलंबून असतो. काही रुग्णांना तो महिन्यांत मोजावा लागतो, काही जण वर्षानुवर्षे उपचार घेत संसार चालवतात. म्हणूनच ‘सगळे संपल्यावर मुलाला सांगू’ हा विचार चुकीचा ठरतो. आईला या आजारासह जगायचे आहे, आणि मूल त्या जगण्यातच वाढणार आहे.

मग सांगावे कसे? मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे आणि कर्करोग रुग्णालयांतील समुपदेशक जे सांगतात, त्याचे सार सोप्या शब्दांत देतो.

आजाराचे नाव घेऊन सांगावे. ‘आईला बरे नाही’ एवढेच सांगितले, तर पुढे स्वतःला सर्दी झाली तरी मूल घाबरते. ‘आईला कर्करोग नावाचा आजार आहे, तो सर्दीतापासारखा नाही,’ असे सांगितले की फरक कळतो. दुसरे, लहान मुलाला तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. हा आजार तुझ्या वागण्यामुळे, बोलण्यामुळे किंवा मनात आलेल्या विचारामुळे झालेला नाही. तो एकमेकांना लागत नाही. आईच्या कुशीत झोपलास तरी तुला काही होणार नाही. आणि काहीही झाले तरी तुझा डबा, तुझी शाळा, तुझे झोपणे यांची काळजी घेणारे माणूस घरात असेल. ते माणूस कोण, हेही नावानिशी सांगावे. पाच-सहा ते नऊ-दहा वर्षांची मुले जगातल्या घडामोडींचा संबंध स्वतःशी जोडतात. माझी बरणी आणि भाचीच्या मुलाचा सोडलेला हट्ट, दोन्ही एकाच मुळातून आले.

सगळे एका बैठकीत सांगावयाचे नसते. मूल दोन प्रश्न विचारते आणि खेळायला पळते. त्याचे मन तेवढेच पेलते. पुन्हा विचारील तेव्हा पुन्हा सांगावे. ‘आई मरेल का?’ असे त्याने विचारले तर ‘छे, छे, असे बोलू नये’ म्हणून तोंड दाबू नये. ‘आजार मोठा आहे, डॉक्टर औषधे देत आहेत, आज मी तुझ्याजवळ आहे, आणि काही बदलले तर तुला आधी सांगेन,’ हे उत्तर खरे आहे आणि पेलण्याजोगेही आहे. जे वचन आपल्या हाती नाही ते मात्र देऊ नये. आणि दुर्दैवाने ती वेळ आलीच तर ‘झोपली’, ‘गावाला गेली’ असे शब्द टाळावेत. ‘झोपली’ म्हटले की मूल रात्री स्वतः झोपायला भिते. ‘गावाला गेली’ म्हटले की वाट पाहत बसते. मी पाहिली आहे.

रोजचे वेळापत्रक शक्य तितके जसेच्या तसे ठेवावे. शाळा चुकवू नये. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्यावे, म्हणजे मूल गप्प बसले किंवा चिडले तर त्याचे कारण त्यांना समजेल. केमोथेरपीच्या काळात रोगप्रतिकारशक्ती कमी होते. म्हणून मुलाला सर्दी-खोकला असेल तेव्हा जरा अंतर, हात धुणे, एवढे पथ्य पाळावे आणि त्याचे कारण मुलाला सांगावे, नाहीतर ‘आई मला जवळ घेत नाही’ एवढेच त्याच्या मनात राहते. या काळात आईला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर रात्र असली तरी डॉक्टरांना कळवावे, सकाळची वाट पाहू नये. घरात थर्मामीटर हवाच.

भेटीला येणाऱ्या आप्तेष्टांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलासमोर ‘पूर्वकर्माचे भोग’ म्हणून सुस्कारे टाकू नका. कर्मसिद्धान्त स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुखण्यावर निकाल देण्यासाठी तो सांगितलेला नाही. कोपऱ्यात बसलेले मूल ते ऐकते आणि त्याचा अर्थ ‘आईने काही तरी वाईट केले’ असा लावते. तसेच सूर्यास्तानंतर खाणे-पिणे नको म्हणून औषधाची वेळ चुकवणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. पच्चक्खाणातही आगार असतात. आपल्या गुरूंना विचारावे आणि औषध वेळेवर घ्यावे. आजारी आईवर अपराधाचे आणखी एक ओझे नको. मदतच करायची असेल तर आठवड्यातील एक वार ठरवून घ्या : मंगळवारचा डबा आमच्याकडून, शुक्रवारी मुलाला शाळेतून आम्ही आणू. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्याने आजवर कोणाची चूल पेटलेली नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे कागदांकडे वळतो. वारसनोंद म्हणजे नॉमिनेशन, आणि नॉमिनी म्हणजे मालक असा समज सर्वत्र आहे. बँक ठेवीच्या बाबतीत नॉमिनी हा वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. अज्ञान मुलाला नॉमिनी केले असेल तर तो सज्ञान होईपर्यंत रक्कम स्वीकारणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे नाव त्याच अर्जात द्यावे. ते राहून गेल्यामुळे कुटुंबांना किती खेटे घालावे लागतात, हे मी काउंटरच्या आतून पाहिले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चारपर्यंत नॉमिनी देता येतात.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असेच साक्षीदार घ्यावेत. जी माता विधवा आहे आणि मुलाला एकटीने वाढवत आहे, तिने तर मृत्युपत्रात मुलाचा पालकही नेमावा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ आपल्या जैन समाजालाही लागू आहे आणि त्यात तशी तरतूद आहे. ज्याला नेमायचे त्याला आधी विचारावे, हे सांगणे नलगे.

खर्चाच्या बाजूने पाहता, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश असून दर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. उपचारांसाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे माफ असते व सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. आपल्या पुणे-सोलापूर मार्गावरील लोकांना ही सवलत मोलाची आहे. पुण्याइतकेच बार्शीचेही नाव लक्षात ठेवावे. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे देशातले पहिले काम १९८७ मध्ये त्याच तालुक्याच्या परिसरात सुरू झाले.

आणखी एक शब्द घाबरवणारा वाटतो : उपशामक सेवा. ती केवळ अखेरच्या दिवसांसाठी असते, हा गैरसमज आहे. वेदना, मळमळ, निद्रानाश, मनाची उलघाल यांवर उपाय करणारी ही शाखा मूळ उपचारांच्या जोडीने, पहिल्यापासूनच घेता येते. पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे केंद्र १९९७ पासून ही सेवा विनामूल्य देते. रुग्णाबरोबर घरच्या माणसांनाही तेथे सांभाळून घेतात. वेदना आटोक्यात असलेली आई मुलाचा गृहपाठ घेऊ शकते. उपचारांचे यश मोजण्याचे तेही एक माप आहे.

ठेवी आणि विम्यापलीकडे मुलासाठी मागे ठेवण्यासारखे आणखी काही असते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक रँडी पॉश यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. त्यांची तिन्ही मुले सहा वर्षांच्या आतली होती. १८ सप्टेंबर २००७ रोजी त्यांनी विद्यापीठात एक व्याख्यान दिले, जे जगभर पाहिले गेले. शेवटी त्यांनी सांगितले की, हे व्याख्यान खरे म्हणजे आपल्या मुलांसाठी आहे. २५ जुलै २००८ रोजी ते गेले. आपल्याला व्याख्यान देता येणार नाही. पण मोबाईलवर आईच्या आवाजात एक गोष्ट, वहीत तिच्या हातचे पदार्थ, मुलाचा जन्म झाला त्या दिवसाची हकीगत, एवढे कोणत्याही घरात होऊ शकते. थकवा नसेल त्या दिवशी, दहा मिनिटे. मरणाची तयारी म्हणून ते करू नये. मूल मोठे होऊन वाचील तेव्हा आईची हस्तलिपी ओळखील, एवढाच हेतू असावा. माझ्या आईच्या हस्ताक्षरातली एक किराण्याची यादी माझ्याजवळ आहे. बाकी काही नाही.

भाचीने त्या रविवारी मुलाला सांगितले. कसे, ते तिने नंतर मला सांगितले. दोघे ओसरीवर मटार सोलत बसले होते. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा हातात काम असताना बोलणे तिला सोपे वाटले. तिने आजाराचे नाव सांगितले, पुण्याला कशासाठी जाते ते सांगितले, केस कशामुळे गेले ते सांगितले. तुझ्यामुळे काहीही झालेले नाही, हे तीनदा सांगितले. तो बराच वेळ शेंगा सोलत राहिला. मग त्याने विचारले, ‘‘म्हणजे मी हट्ट केला तरी चालेल?’’

‘‘चालेल,’’ ती म्हणाली.

‘‘मग मला आज पक्षी बघायला होडीतून जायचे आहे.’’

त्या दिवशी कुंभारगावच्या बाजूने होडीत बसून तिघेही जलाशयावर गेले. आजी काठावर थांबल्या. परत येताना मुलाने आणखी एक हट्ट केला, तो मात्र नामंजूर झाला आणि तो चांगलाच रडला. भाची म्हणाली, ‘‘मामा, दीड वर्षाने माझा मुलगा मनसोक्त रडला.’’

उपचार चालू आहेत. मधल्या काळात एक औषध बदलावे लागले. पुढचा अहवाल काय येईल हे तिला ठाऊक नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पुण्याच्या तारखांवर तांबड्या पेन्सिलीने वर्तुळे काढलेली आहेत. ती त्या मुलाने काढली आहेत. आदल्या रात्री तो आईच्या पिशवीत पाण्याची बाटली आपण होऊन ठेवतो.

आपल्या ओळखीत असे घर असेल, तर आधी मुलाला काय ठाऊक आहे ते विचारा. बहुधा त्याला आपल्या अंदाजापेक्षा अधिक ठाऊक असते. त्याला हवे असते ते फक्त एवढेच, की हे ठाऊक असणारा तो घरात एकटा नाही.